मावशी, फुली मारू नकोस, शब्द लिही

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन. मावशी ७१ वर्षांची, मेलबर्नला मुलाकडे राहते, यंदा जानेवारीत नागरिकत्व मिळालं आणि १४ ऑक्टोबर २०२३ चं सार्वमत हे तिचं इथलं पहिलंच मतदान. प्रश्न असा, की आदिवासींच्या बाबतीत संसदेला सल्ला देणारं त्यांचं 'व्हॉइस' नावाचं मंडळ ऑस्ट्रेलियाच्या घटनेत आणायचं का, 'यस' की 'नो'. महिनाभर उत्साहात होती. आणि परवा म्हणते, "अगं, जाऊ की नको? सगळं आधीच ठरलंय म्हणे." कोण म्हणे, तर आपल्याच मराठी ग्रुपवरचा फॉरवर्ड. मलाही आतापर्यंत चौघांनी पाठवलाय.

त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. टिक केली तर 'यस' धरणार पण फुली मारली तर मत बाद, म्हणजे निकाल सेट आहे. पेन्सिल देतात म्हणजे नंतर खोडता येतं. मोजणी अमेरिकन कंपनीच्या मशीनवर होणार. नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रदेशाची मतं धरतच नाहीत. हे आदिवासींचं सार्वमत, आपण बाहेरून आलेल्यांनी कशाला त्यात पडायचं. आणि शेवटी, निषेध म्हणून चौकटीत मोठी फुली मारा आणि खाली सही ठोका.

या शेवटच्या ओळीनं माझं डोकं फिरलं. मतपत्रिकेवर मत कुणाचं ते ओळखता येईल असं काही लिहिलं की ते मत बाद, हा कायदाच आहे. सही म्हणजे दुसरं काय असतं? ज्याला मनापासून 'नो' म्हणायचंय त्याचंच मत हा फॉरवर्ड कचऱ्यात घालतोय, आणि वर लोक त्याखाली हात जोडल्याचे इमोजी टाकतायत!

आता टिक आणि फुली. यात अर्धं खरं आहे, ते मी मान्य करते. नुसती टिक असेल तर ती बहुतेक 'यस' धरली जाते आणि नुसती फुली बाद होते. ऐकायला अन्याय वाटतो, मलाही पहिल्यांदा वाटला. पण मतपत्रिका कशी आहे ते बघा. प्रश्न एक, त्याखाली चौकट एक. 'यस'ची वेगळी आणि 'नो'ची वेगळी अशा दोन चौकटी नाहीत. आणि शब्द लिहा अशी सूचना तिथेच छापलेली आहे. तरी कुणी खूण केलीच तर कायदा म्हणतो, मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर तो धरा. टिकचा अर्थ होकार, यावर वाद नाही. पण फुलीचा? इथल्या कितीतरी फॉर्मवर हवं त्या चौकटीत फुलीच मारायला सांगतात. आणि आपलंच आठवा ना. "ताई माई अक्का, विचार करा पक्का" करून आपल्या आया-आज्या जो शिक्का मारून यायच्या, तो दिसायला फुलीसारखाच होता, आणि तो नको त्या नाही, हव्या त्या उमेदवारापुढे मारायचा होता. मावशीनं पुण्यात वर्षानुवर्षं तसंच मत दिलंय. उद्या तिनं 'यस' या अर्थानं फुली मारली आणि कुणी ती 'नो'त मोजली तर चालेल का?

हाच मुद्दा घेऊन खाणमालक अब्जाधीश क्लाइव्ह पामर आणि सिनेटर राल्फ बॅबेट फेडरल कोर्टात गेले होते. फुली 'नो' धरा, नाहीतर टिकही धरू नका. न्यायमूर्ती रेअर्स यांनी २० सप्टेंबरला ते फेटाळलं, कारण हेच, फुलीचा अर्थ दोन्हीकडे लागतो. आणि हा नियम काही या सार्वमतासाठी काढलेला नाही. १९८८ च्या सार्वमतातले चार प्रश्न आणि १९९९ च्या सार्वमतातले दोन असे सहा प्रश्न याच नियमानं मोजले गेलेत, तेव्हा कुणी बोंब मारली नाही. १९९९ ला बाद मतं होती ०.८६ टक्के, तीही सगळी कारणं धरून, कोऱ्या मतपत्रिकांसकट. यातून निकाल सेट करायचा म्हणजे कसा, ते फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं एकदा मांडून दाखवावं.

पेन्सिलचं म्हणाल तर पर्समध्ये पेन टाकून न्या, चालतं. मशीन तर नाहीच आहे! कागदी मतपत्रिका माणसं हातानं मोजतात, संध्याकाळी सहाला मतदान संपलं की तिथेच, राजकीय पक्षांचे निरीक्षक समोर उभे असताना.

टेरिटरीचा मुद्दा मात्र मला लागला. मतं धरत नाहीत हे खोटं, देशाच्या एकूण बेरजेत ती धरतात. पण सार्वमत पास व्हायला देशभर बहुमत लागतंच, शिवाय सहापैकी चार राज्यांतही लागतं, आणि टेरिटरी हे राज्य नाही. म्हणजे जिथे लोकसंख्येत आदिवासींचं प्रमाण सगळ्यात जास्त, त्या भागाला राज्यांच्या हिशेबात जागाच नाही. १९६७ ला तर, जेव्हा जनगणनेत आदिवासींना मोजायचं की नाही हे ठरत होतं, तेव्हा टेरिटरीत राहणाऱ्यांना सार्वमतात मतच नव्हतं. ते मिळालं १९७७ च्या घटनादुरुस्तीनंतर. यावर चिडायचं तर जरूर चिडा, मीपण चिडलेय. पण ही घटनेतली तरतूद आहे, कुणी रात्रीत केलेला घोळ नाही.

आणि आपण कशाला पडायचं? नागरिक आहोत म्हणून, आणि मतदान सक्तीचं आहे म्हणून. आदिवासी इथे शंभरात चारसुद्धा नाहीत, म्हणजे त्यांच्याबद्दलचा निर्णय बाकीचे शहाण्णव घेणार, त्यात मी आणि मावशीसुद्धा. दूरच्या वस्त्यांवर हेलिकॉप्टरनं मतपेट्या नेतायत, तिथले लोक उन्हात रांगेत उभे राहतायत, आणि आपण एका फॉरवर्डवरून घरी बसायचं?

काल जाऊन मावशीसमोर बसले. जुन्या लिफाफ्याच्या मागे चौकट काढून दिली. तुला जे वाटतं ते लिही, मला दाखवू नकोस, पण शब्द लिही म्हटलं. तिनं चष्मा लावला, हातानं आडोसा केला आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं. मग विचारलं, "मराठीत लिहिलं तर?" नाही गं, इंग्रजीतच. लिफाफा घडी करून तिनं पर्समध्ये टाकला. गुरुवारी अर्ली व्होटिंगला, म्हणजे १४ तारखेच्या आधीच मत द्यायला, जातोय आम्ही.