आपण पापी आहोत, म्हणजे नेमके कोण?

परदेशातून आलेल्या मिशनऱ्याला मराठी शिकवायचं काम माझ्याकडं आहे. जालन्यात याहून कमी पैशाचे धंदे बरेच असतील, पण हसू दाबायला इतकी ताकद दुसऱ्या कशात लागत नाही. तास सकाळी सातचा. त्यानंतर एक तर ऊन होतं, नाही तर नळ येतो, आणि नळ आला की व्याकरण थांबतं.

बाराखडी मी शिकवत नाही, ती पुस्तकातून येते. मी सुरुवात करतो येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेपासून. ती पाहुण्याला स्वतःच्या भाषेत पाठ असते, दर रविवारी मंडळीबरोबर म्हणावीच लागते, आणि मराठीतला एकही खड्डा तिनं चुकवलेला नाही.

पहिला खड्डा दुसऱ्याच शब्दाला. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या.’ आमच्या का, आपल्या का नाही? इंग्रजीत, जर्मनमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना मिळून एकच शब्द. आपल्याकडं दोन, आणि मधली भिंत पक्की. ज्याच्याशी बोलतोय तो त्यात धरला तर आपण, वगळला तर आम्ही. स्टँडवर उभ्या माणसाला ‘आम्ही अंबडला चाललो’ म्हटलं तर तो हात हलवतो. ‘आपण अंबडला चाललो’ म्हटलं तर तो पिशवी उचलतो. आता प्रार्थना देवाशी चाललीय. बाप तो, लेकरं आम्ही. तिथं ‘आपल्या पित्या’ म्हटलं की देवाला आणखी एक बाप निघतो. देव बाप आणि ख्रिस्त पुत्र यांच्या असल्याच नात्यागोत्यावरून ३२५ साली नायसियाला धर्मसभा भरवावी लागली होती. जालन्यात ती परत भरवायची माझी तयारी नाही.

खरी गंमत पापाच्या कबुलीत. डोळे मिटून देवापुढं उभं असताना ‘आम्ही पापी आहोत’ म्हणायचं. डोळे उघडून मंडळीपुढं उपदेश करताना ‘आपण पापी आहोत’ म्हणायचं. अदलाबदल झाली की प्रार्थनेत देवही आरोपीच्या पिंजऱ्यात येतो, आणि उपदेशात मंडळी निश्चिंत होते. ‘आम्ही पापी आहोत’ असं साहेब स्वतःच सांगतायत म्हटल्यावर आमचं काय म्हणणं असणार? त्यात ‘आपण’ हा आदरानं म्हटलेला ‘तुम्ही’सुद्धा आहे. म्हणजे ‘आहोत’चं चुकून ‘आहात’ झालं, तर अत्यंत नम्रपणे देवालाच सुनावलं जातं.

केरळहून आलेल्या सिस्टरला हे सगळं एका मिनिटात कळतं, कारण मल्याळममध्येही ‘ञंगळ’ आणि ‘नम्मळ’ असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठवाडा तिलाही परदेशच, पण व्हिसा लागत नाही एवढंच. तिची गाडी पुढं ‘मी जातो, मी जाते’पाशी अडते. मल्याळम क्रियापदाला बाईमाणूस-पुरुषमाणूस कळत नाही. त्यातून मास्तर पुरुष असला की सिस्टर बिनदिक्कत ‘मी येतो’ म्हणून निघतात. म्हणून बाईमाणसाला मराठी शिकवताना शेजारी आणखी एक बाईमाणूस बसवावं, हा माझा नियम.

इंग्रज मिशनरी विल्यम केरीनं मराठीचं व्याकरण १८०५ साली छापलं, तेही बंगालातल्या श्रीरामपुरात बसून. हाताशी वैजनाथ पंडित आणि खाली वाहती हुगळी. मराठी शिकायला याहून सोयीची जागा मी सुचवू शकत नाही. आमच्या कुंडलिकेच्या काठावर पंडित मिळतो, पाण्याचं बघावं लागतं. जालन्याशेजारी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणाऱ्या, मराठी येणाऱ्या नारायण शेषाद्रींना अर्थात हा तास लागला नसता.

‘तुझे नाव पवित्र मानले जावो.’ देवाला तू. इथं पाहुणा हुशारीनं हिशेब करतो: एवढ्या मोठ्या देवाला तू, तर सरपंचाला काय तुम्ही? आणि मग ‘सरपंच, तू बस’ होतं. नियम असा की देव, आई, लहान पोर, जिवलग दोस्त आणि ज्याच्याशी भांडण लागलंय तो, एवढ्यांनाच तू. बाकी सगळ्यांना तुम्ही, वय कळत नसेल तर आधी तुम्ही, शंका आली तरी तुम्ही.

मग ‘ळ’. जिभेचं टोक मागं वळवून टाळूला टेकवायचं आणि पुढं फटकारायचं. जिभेच्या बाजूंनी हवा जाऊ दिली नाही की ‘ड’ येतो, टोक दातांपाशी राहिलं की ‘ल’. बाकीच्यांना हा ल चालून जातो, मिशनऱ्याला नाही. चर्चचा पाळक ‘मी तुमचा पालक आहे’ म्हणाला की पहिल्या बाकावरच्या बाया भाजीवर जातात. आणि ‘उत्तम मेंढपाळ’वरचा उपदेश ‘उत्तम मेंढपाल’ म्हणून सुरू झाला की लेकरं वर ट्यूबलाइटकडं बघतात, पाल कुठंय म्हणून. श्रद्धेवर बोलताना मंडळीच्या मनात पाल चुकचुकणं बरं नाही. मी रोज दहा वेळा म्हणून घेतो: काळी माती, निळं आभाळ, दुष्काळ. शेवटचा शब्द सगळ्यांना लवकर जमतो, तो कानावर सारखा पडतो.

ही झाली तासाची मराठी. गेटबाहेर दुसरी आहे. पुस्तकातलं ‘काय करतोस’ इथं जालन्याला ‘काय करू राहिला’ होतं, परभणी-नांदेडकडं ‘काय करायलास’, लातुरात ‘काय करलालास’. ‘माझं’चं ‘महं’ होतं. १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य असल्यानं मधेच उर्दूही येते. हे शिकवायचं नसतं. पाहुण्याला बाजारात सोडायचं.

पुढची ओळ: ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.’ मराठी भाषांतर करणाऱ्यांनी पोळी किंवा पाव न घालता भाकर घातली, त्यामुळं ही ओळ मराठवाड्यात शब्दशः घ्यावी लागते. हा धडा स्वयंपाकघरात, मावशींच्या हाताखाली. पोळपाट-लाटणं मागणाऱ्याला मावशी उत्तरसुद्धा देत नाहीत.

एका भाकरीला दोन मुठी ज्वारीचं पीठ काटवटीत घ्यायचं, काटवट नसेल तर परातीत. गव्हातलं ग्लूटेन ज्वारीत नसतं, म्हणून ती लाटता येत नाही, ताणायला गेलं की तुटते. पिठाला धरून ठेवणारं जे काही असतं त्याला इथं विरी म्हणतात. पीठ दळून जास्त दिवस झाले की विरी जाते, कडा फाटतात आणि उचलताना भाकर मधोमध दुभंगते. त्यावर उपाय म्हणजे आधणाचं पाणी. गरम पाण्यानं पीठ चिकट होतं. ते थोडं थोडं घालत तळहाताच्या मुळानं रगडायचं. पाहुणे इथं घाई करतात आणि पुढं सगळं तिथंच बिघडतं. मग खाली पीठ भुरभुरून, गोळा फिरवत फिरवत थापायचा, बोटांचा दाब कडेला जास्त, मध्ये कमी. तव्यावर टाकताना खालची पीठ लागलेली बाजू वर आली पाहिजे. लगेच ओला हात सगळीकडं फिरवायचा, म्हणजे वरचं पीठ जिरतं. हे पाणी सुकत आलं की, पुरतं सुकायच्या आत, उलटायची. उशीर झाला तर चिरा पडतात, आणि चिरेतून वाफ निघून गेली की भाकर फुगत नाही. दुसरी बाजू खरपूस झाली की पहिली बाजू विस्तवाला लावायची. फुगली तर मावशी काही बोलत नाहीत. तीच शाबासकी. पहिल्या पंधरा-वीस भाकरी गाईच्या वाट्याला जातात. आमच्या कंपाउंडातल्या गाईला मिशनऱ्याची विशेष वाट असते.

खाताना एक इशारा. येसर आमटीत भाकर कुस्करून जेवण झालं की पाहुणा एकदा ‘नको’ म्हणतो आणि निर्धास्त होतो. एक नको म्हणजे लाजतोय, दुसरा म्हणजे अर्धी चालेल. तिसऱ्या नकोला दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे, बोटं जुळवून. फटीतूनही वाढतात.

भाकरीची ओळ आहे, पाण्याची नाही. ज्यांच्याकडं बुडवून बाप्तिस्मा देतात त्यांची इथं परीक्षा असते. सहा फूट लांब, चार फूट रुंद हौदात तीन फूट पाणी म्हणजे झाले दोन हजार लिटर. एप्रिलमध्ये एवढं पाणी हौदात दिसलं की गल्लीतल्या बाया घागरी घेऊन येतात, आणि त्यांना हा विधी आहे हे सांगायची हिंमत पाहुण्यानं करू नये. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तर शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्यांची बाजू फारच मजबूत वाटत होती.

‘आमची ऋणे आम्हांला सोड.’ पाहुणा ऋण म्हणजे पाप असं समजावत असतो, मागच्या बाकावर सातबारा कोरा होत असतो. २००८, २०१७, २०१९ एवढ्या कर्जमाफ्या बघितलेली मंडळी आहे. अट मात्र तिला लगेच कळते: जसे आम्ही आपल्या ऋण्यांचं सोडलं, तसं. आधार जोडणी नाही, ऑनलाइन अर्ज नाही, अंगठा दुसऱ्यांदा उठवायला जायचं नाही; तरी अट जड वाटते, कारण हातउसने कुणाकुणाकडं अडकलेत ते प्रत्येकाला तोंडपाठ असतं. आणि पाहुणा इथं पुन्हा मला विचारतोच: देवाशी बोलताना आम्ही म्हणायचं ठरलं होतं ना, मग हे ‘आपल्या’ कुठून आलं? हे तिसरं आपण, ‘स्वतःच्या’ अर्थाचं. आम्ही आपल्या घरी, ते आपल्या घरी. मी सांगतो, पाहुणा वहीत लिहून घेतो, आणि पुढच्या रविवारी देव पुन्हा पापी होतो.

राहिली शेवटची: ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस.’ परीक्षा म्हणजे मोह, भुरळ, असं मी नीट समजावून देतो. तसाच तो उपदेशात सांगतो, आणि मंडळी मान डोलावते. फक्त एक सूचना आधी देऊन ठेवावी लागते, लातूरकडच्या चर्चमध्ये जाणाऱ्याला तर नक्कीच. फेब्रुवारीत या ओळीवर तरण्या पोरापोरींचा आवाज एकदम चढला आणि दोघीतिघींचे डोळे भरून आले, तर जागृती आली म्हणून घरी पत्र लिहायला बसू नका. बारावीचे पेपर चालू असतील.