खुलासा: अल्ट्रासोनिक तपासणीत रेडिएशन नसतं

जळगाव-भुसावळकडच्या कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "वेल्डिंग तपासायचं अल्ट्रासोनिक मशीन रेडिएशन सोडतं, जवळ उभं राहू नका." हे चूक आहे.

अल्ट्रासोनिक म्हणजे आवाज. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. पोलाद तपासताना बहुधा २ ते ५ मेगाहर्ट्झ, म्हणजे २,००० ते ५,००० किलोहर्ट्झ, वापरतात. प्रोब (लहर सोडणारा, हातात धरायचा भाग) बंद केला की लहर संपली, मागे काही उरत नाही. शिवाय ही लहर हवेतून जवळपास जातच नाही. म्हणून तर जॉबवर, म्हणजे तपासायच्या वस्तूवर, आधी जेल किंवा तेल लावतात. प्रोब जरा उचलून बघा, आतून परत येणारे इको (प्रतिध्वनी) स्क्रीनवरून लगेच गायब होतात. पोलादात ती सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावते आणि चीर लागली की परत फिरते. परतायला किती वेळ लागला त्यावरून चीर किती आत आहे ते कळतं. रेल्वेचे रूळ, ॲक्सल, विमानाचे भाग असेच तपासतात.

गोंधळ झालाय तो रेडिओग्राफीशी, म्हणजे किरणांनी आतला फोटो काढणाऱ्या तपासणीशी. तिच्यात इरिडियम-१९२ सारख्या स्रोताचे गॅमा किरण, म्हणजे खरंखुरं रेडिएशन, वापरतात. तिथली दोरी आणि पिवळा फलक कुणीही, कितीही घाई असली तरी, ओलांडू नये.

माझी खरी काळजी हीच आहे. दोन्ही तपासण्या एकच समजल्या, तर अल्ट्रासोनिकवाल्याजवळ बिनधास्त उभा राहणारा माणूस उद्या त्या दोरीच्या आतही तसाच जाईल. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.