लदिनीत कर्जाची जाहिरात!

काल संध्याकाळी आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या (वस्तीतल्या) खुरसासमोर, म्हणजे क्रुसासमोर, लदीन होती. लदीन म्हणजे मारियामातेची एकेक नावं घेत गायची लॅटिन प्रार्थना. व्हायोलिनवाला नाही, गाणं चालवणारा मेस्त नाही. खुरसाच्या पायरीवर एक स्पीकर आणि त्याला जोडलेला मोबाईल. 'सांक्ता मारिया' त्यातूनच, 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी विनंती कर) ही ओसुद्धा त्यातूनच. आम्ही सगळे मेणबत्त्या धरून गप्प उभे. आणि ऐन 'आग्नुस देई'च्या आधी कसल्याशा कर्जाची जाहिरात! व्याजाचा दर ऐकला, मग देवाचं कोकरू. पोरं फिदीफिदी हसली. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

अरे, लदीन ही ऐकायची गोष्ट आहे का? एकाने नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी ओ द्यायची, यातच तिचा जीव. सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, या लितानीला (नामावळीला) पोपची मान्यता १५८७ सालची. पण आपल्याकडे ती इगर्जीतून (चर्चमधून) खुरसापर्यंत आली ती माणसांच्या गळ्यातून. लॅटिनचं अक्षर न कळणारी म्हातारी माणसं वरचा-खालचा सूर धरून गायची.

शेजारची बाय त्यातलीच. आम्ही हिंदूंची पोरं लदिनीनंतर वाटल्या जाणाऱ्या चण्यांवर डोळा ठेवून जायचो. ती मागून कोपर ढोसायची, "तोंड उगडिनासतना चणे मेळचे नात!" (तोंड उघडल्याशिवाय चणे मिळायचे नाहीत!) मग काय, बेंबीच्या देठापासून 'ओरा प्रो नोबिस'. रामरक्षेआधी मला ते पाठ होतं.

आता कोणीतरी येणारच विचारायला, तू हिंदू, तुला काय पडलंय? बाबांनो, म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला तेल वाहायला रांगेत कोण उभं असतं? आणि फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्रीने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत. तेव्हा हा प्रश्न मला विचारू नका.

शिवाय आपण तरी कुठे शहाणे! २०१९ मध्ये आरतीला वाजणारं मातीचं घुमट गोवा राज्याचं वारसा वाद्य झालं, टाळ्या वाजवल्या, आणि चतुर्थीला कित्येक घरांत आरती मोबाईलवर. घरातले आपले टाळ्यांचे धनी.

मान्य, व्हायोलिनवाल्याला पैसे मोजावे लागतात. निम्मा वाडा तारवावर (बोटीवर) नोकरीला, उरलेला लंडनला. गाणार कोण?

आणि तो स्पीकरवाला पोरगा वाईट नाही हो. खुरसाला चुना त्यानेच काढला, भोवतालचं रान त्यानेच कापलं. चणेही त्याच्याच घरचे, खोबऱ्याच्या कातळ्या घालून. त्याला गायला कोणी शिकवलंच नाही, त्यात त्याचा काय दोष? आम्हाला बायने कोपर मारून शिकवलं. याच्या पाठीशी कोपर मारणारं कोणी नव्हतं. काल मीही मारलं नाही, नुसता धुमसत उभा राहिलो.

बाय आता अंथरुणाला खिळून आहे, पण सुरुवात करून दिली की अख्खी लदीन म्हणते. उद्या जाऊन लिहून घेतो. तुमच्या घरी अशी कोणी असेल तर तुम्हीही घ्या, चालीसकट. पुढच्या मेमध्ये व्हायोलिन मिळालं नाही तर मी पेटी आणतो, सूर चुकले तर चुकले. येणाऱ्यांनी खाली नाव लिहा. स्पीकर घरी ठेवून या.