सांजाव म्हणजे पोर्तुगालची नक्कल आणि दारूचा धिंगाणा?

दरवर्षी जून महिन्यात एक संदेश फिरू लागतो: 24 जूनला गोव्यात साजरा होणारा सांजाव हा पोर्तुगालहून जसाच्या तसा आणलेला सण आहे, विहिरीत उड्या मारणे हा निव्वळ नशेतला धिंगाणा आहे आणि त्याचा धर्माशी काडीचाही संबंध नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ. बहुतेक ख्रिस्ती संतांचे सण त्यांच्या मृत्युदिनाला धरून येतात. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा मात्र जन्म साजरा होतो, तोच सांजाव (पोर्तुगीजमध्ये ‘सांव जुआंव’, म्हणजे संत योहान), आणि तोही नाताळच्या सहा महिने आधी, कारण मरीयेला येशूच्या जन्माविषयी देवदूताचा निरोप मिळाला तेव्हा योहानाची आई अलीशिबा हिला सहावा महिना होता असे लूकच्या शुभवर्तमानात लिहिले आहे. मरीया भेटायला आली तेव्हा अलीशिबेच्या उदरातल्या बाळाने आनंदाने उडी घेतली, हेही तेथेच आहे. विहिरीतली उडी भाविक याच प्रसंगाशी आणि यार्देन नदीतल्या बाप्तिस्म्याशी जोडतात. ती चर्चचा विधी नाही हे मान्य. पण लोकांनी श्रद्धेने लावलेला अर्थ हाही धर्माचाच भाग असतो.

सणाचे नाव पोर्तुगीज आहे आणि तो त्यांच्याच काळात रुजला, यात वाद नाही. नक्कल म्हणणे मात्र चूक आहे. पोर्तुगालमध्ये तेव्हा कोरडा उन्हाळा असतो आणि लोक पेटत्या शेकोटीवरून उड्या मारतात. गोव्यात मृग सरून आर्द्रा लागलेल्या असतात, विहिरी भरू लागतात आणि उडी पाण्यात पडते. डोक्यावरचे कोपेल पावसात उगवलेल्या वेलींचे, पानाफुलांचे. साथीला घुमट हे मातीच्या भांड्याचे चर्मवाद्य आणि कांसाळे म्हणजे झांजा. गोव्यातल्या शिवोली गावात सजवलेल्या होड्या नदीतून येतात. त्याहून बोलका आहे जावयाचा मान. लग्नानंतरच्या पहिल्या सांजावाला त्याला सासुरवाडीला बोलावून पाहुणचार करतात आणि कोपेल घालून वाजतगाजत विहिरीवर नेतात. हे योहानाच्या चरित्रात कुठेच नाही, परंतु ज्यांच्या घरी दिवाळसण होतो त्यांना ते परके वाटणार नाही.

राहिली फेणी. ती सणात असते, आणि पिऊन विहिरीत उतरणे जिवावर बेतू शकते; अशा माणसाला काठावरच अडवले पाहिजे. परंतु घरोघरी फिरताना घरमालक जे पुढे करतो त्यात अननस, फणस आणि आंबेही असतात, आणि संदेश लिहिणाऱ्याला त्यातली बाटली तेवढी दिसली आहे.