‘जास्त भाडं देईल त्याला गाळा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सर्जनशील उद्योगांच्या पार्कवरचा, म्हणजे कलाकार-कारागिरांना भाड्याने गाळे देणाऱ्या संकुलांवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत : ‘कलाकारांना स्वस्तात जागा देणं म्हणजे करदात्यांच्या पैशातून हौस पोसणं. जास्त भाडं देईल त्याला गाळा द्या. नाहीतरी शेवटी तिथे कॅफेच उरतात.’

शेवटचं वाक्य मान्य. पण ते तुमच्याच आधीच्या वाक्यावर उलटतं!

बीजिंगचा ‘798’ हा कलेचा परिसर बघा. 1950 च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने उभा राहिलेला इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना. काम मंदावलं, शेड ओस पडल्या. 1995 मध्ये तिथल्या ललित कला अकादमीच्या शिल्पकला विभागाने मोठ्या शिल्पांसाठी जागा भाड्याने घेतली. पुढे चित्रकार आले, गॅलऱ्या आल्या. नाव झालं तशी भाडी चढली आणि ज्यांच्यामुळे नाव झालं त्यातल्या कित्येकांना गाशा गुंडाळावा लागला. हे सवलतीने केलं नाही. जास्त भाडं देणारा जिंकला, इतकंच.

हेलसिंकीतली नोकियाची जुनी केबल फॅक्टरी याच्या उलट. कंपनी बाहेर पडत असताना कलाकार तात्पुरते आत आले, मग इमारत वाचवायला संघटितही झाले. आज मालकी शहराच्याच कंपनीकडे आहे आणि ती भाड्यावर चालते. म्हणजे भाडं घेतलंच जातं. फक्त ते शक्य तितकं ताणलं जात नाही.

आता व्यवस्थापनाबद्दल. एका अशा संकुलात मी पाहिलंय : तळमजला कॅफेला दिला, धुळीची तक्रार आली, म्हणून मालवाहू लिफ्ट दिवसा बंद. वरच्या मजल्यावरची कुंभारकाम करणारी बाई मातीची पोती जिन्याने चढवत होती. भट्टीसाठी थ्री-फेज जोडणी मागितली, ती ‘विचाराधीन’. सहा महिन्यांत तिने गाळा सोडला. आठवड्यात तो भरलाही, जाहिरात कंपनीने. मालकाच्या वहीत सगळे गाळे भरलेले, म्हणजे उत्तम कारभार! लिफ्ट कुणासाठी चालू ठेवायची हे ठरवणं हेच खरं व्यवस्थापन, पण ते त्या वहीत दिसत नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र मला अडवतो : सवलतीचा गाळा मिळाला की माणूस तो सोडत नाही आणि नवख्याला दार बंद. लेखात मी यावर काहीच लिहिलं नव्हतं, ही माझी चूक. मुदतीचा करार आणि दरवर्षी थोडं वाढणारं भाडं, इथपर्यंत मी यायला तयार आहे. पण मुदत संपल्यावर कुणाला राहू द्यायचं हे मालकाने ठरवावं की शेजारच्या भाडेकरूंनी? मला दोघांचीही धास्ती वाटते.