रिमॅप केली म्हणून 'स्टेज ३' क्लच? आधी गणित करा

एक सल्ला हातोहात फिरतो. टर्बो गाडी रिमॅप केली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली, की कंपनीचा क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा-सोडवणारा भाग) घसरणारच. म्हणून थेट स्टेज ३ चं सिरॅमिक किट घ्या, सोबत हलकं सिंगल मास, म्हणजे एकसंध, फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं चाक, ज्यावर क्लच बसतो) टाका, पेडल जड लागलं की पकड जबर आहे असं समजा आणि बसवल्या दिवसापासून बिनधास्त पळवा. यातलं एकेक विधान तपासू. उदाहरणाला स्कोडा ऑक्टाव्हिया २.० टीडीआय मॅन्युअल घेऊ. कंपनीतून ती १४३ पीएस ताकद आणि ३२० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. रिमॅपनंतर टॉर्क ४०० झाला असं धरू.

पहिलं विधान, 'घसरणारच'. घसरतोय का, हे दहा मिनिटांत कळतं. इंजिन गरम करा, रिकामा सरळ रस्ता बघा, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला गाडी धरा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. टर्बो भरताना आरपीएमचा काटा वर उडाला आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. दोन वेळा बघितलं की पुरे, उगाच प्लेट जाळू नका. घसरण दिसते ती टॉर्क सर्वात जास्त असतो तिथे, रेडलाइनजवळ (कमाल आरपीएमजवळ) नाही. म्हणून पहिल्या गिअरमध्ये टायर फिरवून काहीच सिद्ध होत नाही.

घसरत असला तरी दोष रिमॅपचाच असेल असं नाही. क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून प्लेटवर आलं की कितीही महागडं किट घसरतं. पेडलने लाइनमध्ये तेलाचा दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र तुंबलं की पेडल सोडल्यावरही लाइनमध्ये दाब उरतो, आणि क्लच कायम थोडा दाबलेला राहतो. गिअरबॉक्स उतरवल्यावर बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) आतून तेलकट दिसलं, तर आधी सील बदला, किटाचं नंतर बघा.

'स्टेज ३' ला काही अर्थ नाही. हे कुठलंही मानक नव्हे. एका कंपनीचा स्टेज २ दुसरीच्या स्टेज ३ पेक्षा जास्त टॉर्क पेलू शकतो. विक्रेत्याला एकच आकडा विचारा: हे किट किती न्यूटन-मीटर धरतं, आणि तो आकडा फ्लायव्हीलवरचा आहे की चाकांवरचा? डायनोचा (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा चाकांवरचा असतो, आणि मधल्या यंत्रणेत साधारण दहा ते पंधरा टक्के खर्च होतात. बीएचपीत, म्हणजे टॉर्कऐवजी ताकदीत, क्षमता सांगणाऱ्याकडून किट न घेतलेलंच बरं. जपानमध्ये २००७ साली आलेली होंडा सिव्हिक टाइप आर सेडान २२५ पीएसची होती, पण तिचा टॉर्क फक्त २१५ न्यूटन-मीटर. म्हणजे १४३ पीएसच्या आपल्या डिझेल ऑक्टाव्हियाच्या क्लचवर त्या स्पोर्ट्स गाडीपेक्षा जवळपास दीडपट भार येतो.

आता गणित. क्लच किती टॉर्क धरेल, ते चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं: घर्षणांक, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबणाऱ्या प्लेटचा) दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. साध्या सिंगल प्लेटला दोन बाजू असतात. हिशेबापुरते आकडे घेऊ: ऑरगॅनिक लायनिंगचा (प्लेटवरच्या साध्या घासणाऱ्या अस्तराचा) घर्षणांक ०.३, दाब ६५०० न्यूटन, त्रिज्या ०.१ मीटर. ०.३ × ६५०० × ०.१ × २ म्हणजे ३९० न्यूटन-मीटर. ३२० च्या गाडीला हे भरपूर आहे, ४०० च्या गाडीला कमी. वीस-पंचवीस टक्के जास्तीची क्षमता हवी म्हणून ५०० धरू. लायनिंग तेच ठेवून दाब साधारण ८३०० न्यूटन केला की ५०० होतात. म्हणजे दाबात २८ टक्क्यांची वाढ, बस. हेवी ड्यूटी प्रेशर प्लेट आणि स्प्रिंगवाली ऑरगॅनिक प्लेट एवढ्यात काम होतं, सिरॅमिकची गरजच पडत नाही. याहून स्वस्त उपाय ट्यूनरच्या लॅपटॉपमध्येच आहे: १८०० ते २५०० आरपीएममधला टॉर्क ३६० पर्यंत बांधून घ्यायचा. वरची ताकद तशीच राहते आणि चांगल्या स्थितीतला मूळ क्लच टिकतो. हे कोणी सुचवत नाही, कारण यात किट विकलं जात नाही.

सिरॅमिक पकची (प्लेटवरच्या घासणाऱ्या तुकड्यांची) पकड जास्त असते, यात खोट काही नाही. घर्षणांक ०.४ च्या पुढे जातो आणि पक उष्णताही चांगली सोसतो. पण पकड अचानक येते. हाफ क्लचवर हळू सोडायला गेलं की गाडी थरथरते आणि फ्लायव्हीलचा फेस खरवडला जातो. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये किंवा चढावर रांगेत अडकल्यावर दर वीस सेकंदांनी हेच चालतं. त्यातून प्लेटचा हब (मधला भाग) स्प्रिंगविना असेल, तर प्रत्येक धक्का गिअरच्या दातांपर्यंत जातो. ट्रॅक किंवा ड्रॅगसाठी हा योग्य माल आहे, रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी नाही. टॉर्क खरोखरच खूप असेल तर ट्विन प्लेट बघा: घासणाऱ्या बाजू चार होतात, त्यामुळे तेवढ्याच दाबात क्षमता दुप्पट होते आणि पेडल माणसाचं राहतं.

पेडलवरून आठवलं. जड पेडल म्हणजे पकड, हा समज तर उलटाही पडू शकतो. साध्या डायफ्रॅम क्लचमध्ये (ज्यात थाळीसारखी स्प्रिंग दाब देते) प्लेट झिजत गेली की पेडल जडच होत जातं. पेडलचा जडपणा डायफ्रॅमच्या लिव्हरेजवर आणि मास्टर सिलिंडरच्या व्यासावरही ठरतो. जास्त दाबाची किंमत मात्र दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग. अनेक गाड्यांत तो रिलीज बेअरिंगसकट गिअरबॉक्सच्या आत असतो. तो गळला की गिअरबॉक्स पुन्हा उतरवा. दुसरं, क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग, कारण पेडल दाबलं की तो सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो. सिग्नलला क्लच दाबून बसायची सवय असेल तर हे जास्तच लागू.

हलक्या फ्लायव्हीलने ताकद वाढत नाही. इंजिन लवकर फिरतं, एवढंच. चार किलो कमी केले तर पहिल्या गिअरमध्ये, १४ च्या एकूण रेशोला (इंजिनचे १४ फेरे, चाकाचा एक), गाडी साधारण ८५ किलोने हलकी झाल्यासारखी पळते. पाचव्यात, ३ च्या रेशोला, फक्त ४ किलोने. बदल्यात डिझेलचा प्रत्येक स्फोट गिअरबॉक्सला जाणवतो, कारण मूळ ड्युअल मास (दोन भागांच्या) फ्लायव्हीलच्या आतल्या स्प्रिंगाच तो झटका गिळत होत्या. न्यूट्रलमध्ये खडखड ऐकू येते, ती हीच. जुनं ड्युअल मास हाताने फिरवून आणि हलवून बघा. मोकळा फेरा किंवा डुगडुग कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल तर नवं घ्या. त्याचा फेस लेथवर मारू नका.

आणि 'बसवल्या दिवसापासून'? आधी बसवण्याचं. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलचा गंजरोधक थर ब्रेक क्लीनरने पुसा. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे, ते तिच्यावर लिहिलेलं असतं; उलटी बसली तर क्लच सुटतच नाही. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टच्या खाचांना) ग्रीस अगदी पातळ लावा, जास्त लावलं तर ते उडून लायनिंगवर जातं. प्रेशर प्लेटचे बोल्ट आडवे-उभे, थोडे थोडे आवळा, आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच घ्या. शेवटी डॉट ४ ब्रेक फ्लुइड टाकून लाइनमधली हवा काढा. मग ऑरगॅनिक प्लेटला सुमारे ८०० किलोमीटर शहरातलं साधं चालवणं द्या: लाँच नाही, पूर्ण टॉर्क नाही. गिअर बदलत राहण्यानेच प्लेट बसते, हायवेच्या किलोमीटरांनी नाही. पहिल्या दिवसांत थोडा जळका वास येईल. ८०० नंतरही येत राहिला, तर किट परत पाठवण्याआधी पेडलचा फ्री प्ले (सुरुवातीची मोकळी हालचाल) आणि मास्टर सिलिंडर तपासा.