दोन स्टारच्या रिव्ह्यूला स्टुडिओकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या भावगीताच्या रेकॉर्डिंगबद्दलचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: पियानो खरा नाही, कॉम्प्युटरचा आहे. गाताना तो मधूनच बारीक होतो, म्हणजे मिक्सिंग निष्काळजीपणे केलंय. आणि दुसऱ्यांदा गाण्याचे पैसे वेगळे लावले.

पियानो सॉफ्टवेअरचा आहे, हे बुकिंगलाच सांगितलं होतं. आमच्याकडे ग्रँड पियानो नाही (असता तर पावसाळ्यात ट्यूनिंगवाल्याच्या मागे धावण्यातच अर्धा वेळ गेला असता). पण वाजवलाय माणसानेच, ८८ वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) कीजवर, तुम्ही गात असताना, क्लिक (तालाची टिकटिक) न लावता. अंतऱ्याआधी तुम्ही क्षणभर रेंगाळलात, तिथे तोही रेंगाळलाय. रेकॉर्ड झाली ती मिडी: कोणती की, किती जोरात, कधी सोडली, पेडल कुठे दाबलं, एवढीच नोंद. म्हणून तर दुसऱ्या दिवशी तुम्ही पट्टी पांढरी पाचवरून खाली पांढरी चारवर आणायची म्हणालात, तेव्हा वादकाला परत बोलवावं लागलं नाही. माइकने घेतलेला पियानो तेवढाच, म्हणजे दोन सेमिटोन (अर्धस्वर), खाली ओढला असता तर त्याचा नाद बदलला असता. शिवाय एकाच खोलीत तो तुमच्या माइकमध्येही शिरला असता, मग एखादी ओळ नव्याने गाऊन बसवणं कठीण.

पैसे लागले ते फक्त तुमच्या गाण्याच्या जादा वेळाचे, ठरलेल्या दराने. पियानोचे पुन्हा घेतलेले नाहीत.

आता बारीक होण्याबद्दल. तुम्ही मागितलात म्हणून आम्ही पियानोचा ट्रॅक वेगळा पाठवला, आणि तुम्ही तो एकटाच ऐकलात. एकटा ऐकला तर तो खटकणारच! डावा हात आणि तुमचा खालचा सूर २५० ते ४०० हर्ट्‌झच्या आसपास एकमेकांवर चढतात, तिथे पियानो सुमारे ३ डेसिबलने कमी केलाय. २ ते ४ किलोहर्ट्‌झमध्ये शब्दांची व्यंजनं स्पष्ट होतात, तिथे तो तुम्ही गाताना तेवढ्यापुरता दबतो आणि ओळ संपली की पुन्हा वर येतो. ही जागा आम्ही आवाजासाठी मुद्दाम मोकळी केली आहे. भावगीतात शब्द कळले नाहीत तर पियानो कितीही भरदार असून काय करायचं? रिव्हर्बही (खोलीतला घुमारा) आवाजाला आणि पियानोला एकच दिलाय, दोघं एका खोलीत वाटावेत म्हणून.

व्हॉट्सॲपवर आलेली फाइल मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निर्णय नको. मेलवरची २४ बिटची वेव्ह फाइल हेडफोनवर ऐका. तरीही पियानो कमी वाटला, तर कोणत्या ओळीला ते वेळेसह कळवा. ठरलेल्या दोन दुरुस्त्यांपैकी एक अजून शिल्लक आहे. तुमचं सेशन (कॉम्प्युटरवरचं मिक्सिंगचं काम) जसंच्या तसं ठेवलंय.